पाच वक्तांचा हिशेब

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आणि शहरांत पहाटेची बांग कधी ना कधी सगळ्यांच्या कानावर पडलेली असते. कुणी त्या आवाजाने उठून दुधाच्या रांगेकडे निघतो, कुणी कूस बदलून पुन्हा झोपतो, तर कुणी घड्याळाकडे न पाहताच पहिली एसटी गाठायची वेळ झाली हे ओळखतो. शेजाराने ही हाक सर्वांच्याच परिचयाची करून टाकली आहे. पण त्या हाकेला ओ देणारा माणूस नेमके काय करतो, आणि ओ न देणाऱ्याच्या मनात काय सलत राहते, हे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यालाही फारसे ठाऊक नसते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान घरातला. आयुष्याची तीस वर्षे मराठी शाळेत मास्तरकी केली. 'सर, एखादी नमाज चुकली तर काय होतं हो?' हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता मला कितीदा तरी विचारला गेला. विचारणाऱ्याच्या मनात निखळ कुतूहल असे. चहा संपेपर्यंत देता येईल असे उत्तर मात्र त्याला नाही. 'पाप लागते' म्हणून मोकळे होता येते, पण ते अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते पुष्कळ मुसलमानांनीही नीट ऐकून घेतलेले नसते.

सूर्याशी बांधलेला दिवस

'नमाज' हा शब्द मुळात फारसी. अरबीत त्याला 'सलात' म्हणतात आणि कुराणात तोच शब्द आहे. भाषेचे अभ्यासक सांगतात, की फारसीतला 'नमाज' आणि संस्कृतातला 'नमस्' ही एकाच मुळाची भावंडे आहेत. आपण नमस्कार करतो तेव्हा आणि शेजारचा नमाजला उभा राहतो तेव्हा, निदान शब्दाच्या पातळीवर, दोघे एकाच झाडाच्या दोन फांद्यांवर असतो.

दिवसात पाच वक्तांची नमाज फर्ज, म्हणजे अनिवार्य. पहाटेची फजर, दुपारची जोहर, तिसऱ्या प्रहराची असर, सूर्य मावळल्याबरोबरची मगरिब आणि रात्रीची इशा. फजरच्या 2 रकात, जोहर, असर आणि इशाच्या प्रत्येकी 4, मगरिबच्या 3, अशा एकूण 17 रकात होतात. प्रत्येक रकातीत माणूस एकदा कमरेत वाकतो आणि दोनदा कपाळ जमिनीला टेकवतो. म्हणजे केवळ फर्ज नमाजा धरल्या तरी दिवसाकाठी 34 वेळा कपाळ भुईला लागते. त्याआधी वजू, म्हणजे तोंड आणि कोपरापर्यंत हात धुवायचे, डोक्यावरून ओला हात फिरवायचा आणि घोट्यापर्यंत पाय धुवायचे. भारतातल्या माणसाने तोंड करायचे ते पश्चिमेला, मक्केच्या काबागृहाकडे.

या वेळा ठरतात त्या सूर्यावर. मुंबईत डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेर सव्वासात वाजून जातात. मगरिब तशी पुढेमागे सरकते. वस्तूची सावली किती लांब पडली यावर असरची वेळ ठरते. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफी पंथाचे. आमच्याकडे माध्यान्हीची सावली सोडून वस्तूएवढी सावली पडली की असर सुरू होते. घाटावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. त्यांच्याकडे ती दुप्पट व्हावी लागते. घाटावरचा पाहुणा कोकणात आला, की आमची असर इतकी लवकर कशी म्हणून बुचकळ्यात पडतो. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर आम्ही हात उचलून 'कुनूत' नावाची प्रार्थना म्हणतो, तेव्हा तर तो शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागतो. भांडण मात्र होत नाही. दोन्ही रीती जुन्या आहेत आणि दोन्ही मान्य आहेत.

हे पाच वक्त आले कुठून? मुसलमानांची श्रद्धा अशी, की मेराजच्या रात्री, पैगंबरसाहेब ईश्वराच्या सान्निध्यात गेले तेव्हा, आधी 50 नमाजा सांगण्यात आल्या. हजरत मूसांनी त्यांना पुनःपुन्हा परत पाठवले, तुमच्या लोकांना हे झेपायचे नाही म्हणून. कमी होत होत 5 उरल्या, पण पुण्य मात्र 50 चेच राहिले. ही कथा आमच्या घरांतून लहान मुलांना सांगतात तेव्हा मुले नेहमी हसतात. घासाघीस करून भाव उतरवल्यासारखे त्यांना वाटते. कथेचा गाभाही तोच आहे. जे उरले आहे ते माणसाला झेपेल असे पाहूनच ठेवले आहे.

सवलत आहे, सुट्टी नाही

नमाजचे महत्त्व मला सर्वांत अधिक जाणवते ते तिच्या सवलतींत. पाणी नसेल किंवा पाण्याने आजार वाढणार असेल तर स्वच्छ मातीवर हात मारून तयम्मुम करावे. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून, आणि तेही जमत नसेल तर नुसत्या खुणेने नमाज होते. प्रवासात चार रकातींच्या दोन होतात आणि आमच्या शाफी मताप्रमाणे दोन वेळच्या नमाजा एकत्रही करता येतात. पाळीच्या दिवसांत स्त्रीला नमाज माफ आहे आणि ती नंतर भरून द्यावी लागत नाही. ज्याची शुद्ध हरपली, ज्याची बुद्धी गेली, त्याच्यावर तर बंधनच नाही. म्हणजे देहाच्या दुबळेपणाला वाट ठेवलेली आहे. पण भान शाबूत असेल तोवर पूर्ण सुट्टी कुणालाच नाही.

झोप लागली किंवा विसरले तर? त्याचीही एक हकीकत हदीसमध्ये आहे. खैबरच्या मोहिमेवरून परतताना काफिला रात्रभर चालून थकला होता. पैगंबरसाहेबांनी बिलाल यांना पहाटेवर लक्ष ठेवायला सांगितले आणि सगळे झोपले. बिलाल नमाज पढत बसले, मग पूर्वेकडे तोंड करून उंटाला टेकले, आणि त्यांचाही डोळा लागला. ऊन अंगावर आले तेव्हाच सारे जागे झाले. पैगंबरसाहेबांनी विचारले तेव्हा बिलाल यांनी सांगितले, की ज्या झोपेने तुम्हाला धरले तिनेच मलाही धरले. कुणावर आगपाखड झाली नाही. काफिला थोडा पुढे गेला, सर्वांनी वजू केला आणि लख्ख उजेडात जमातीने फजर पढली गेली. झोपलेल्याला किंवा विसरलेल्याला जेव्हा आठवेल तीच त्याची वेळ, हा नियम या प्रसंगातून रूढ झाला.

माझी आजी शेवटच्या दोन वर्षांत सारे विसरू लागली होती. नातवंडांची नावे गेली, सुनांचे चेहरे गेले. पण दर थोड्या वेळाने ती विचारी, 'असर झाली काय?' झाली म्हणून सांगितले तरी पटत नसे. मग भिंतीला धरून बसे, ओढणी सारखी करी आणि पुन्हा नमाज सुरू करी. दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा. मशिदीचे पेशइमाम घरी आले तेव्हा वडिलांनी त्यांना विचारले. ते म्हणाले, 'तिच्यावरचा हिशेब उठलाय. आता ती पढते ती तिची आवड. अडवू नका.' साऱ्या आठवणी एकेक करून निघून गेल्यावर तळाशी काय उरते, हे मी तेव्हा पाहिले. रोजच्या रोज केलेली गोष्ट तेवढी उरते.

जाणूनबुजून सोडणाऱ्याचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. विसर नाही, आजार नाही, सवड असूनही जो नमाज सोडतो त्याचे काय?

कुराण याबाबत सौम्य नाही. नरकात पडलेल्यांना, तुम्ही इथे कसे आलात असे विचारले जाते, असा एक प्रसंग कुराणाच्या 74 व्या अध्यायात आहे. त्यांच्या उत्तरातली पहिली कबुली नमाज न पढल्याची आहे. लगेच दुसरी आहे ती गरिबाला जेवू न घातल्याची. या दोन कबुल्या एकमेकींना चिकटून येतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याकडे पुन्हा यायचे आहे. कयामतच्या दिवशी बंद्याच्या कर्मांत पहिला हिशेब नमाजचा होईल, असे हदीस सांगते. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्यावर 644 साली फजरच्या नमाजातच वार झाला. रक्त वाहत असताना त्यांना नमाजची आठवण करून देण्यात आली, तेव्हा नमाज सोडणाऱ्याचा इस्लाममध्ये काही वाटा नाही असे म्हणत, त्या अवस्थेत त्यांनी नमाज पुरी केली.

अशा वचनांचा अर्थ लावताना मोठमोठ्या इमामांत मतभेद झाले. नमाज हे कर्तव्यच नव्हे असे जो म्हणतो तो धर्माबाहेर गेला, याबद्दल दुमत नाही. पण कर्तव्य मान्य करून केवळ आळसाने सोडणारा? इमाम अहमद बिन हंबल यांच्या नावे प्रसिद्ध असलेले मत सर्वांत कडक आहे. असा माणूस मुसलमानच उरत नाही. उलट इमाम अबू हनिफा, इमाम मालिक आणि इमाम शाफी यांच्या मते तो मोठा गुन्हेगार आहे, पण मुसलमान आहे. हा वाद नुसता पुस्तकी नाही. माणूस धर्माबाहेर गेला असे ठरले तर त्याचा निकाह, त्याचा वारसाहक्क, त्याचे दफन, सारेच धोक्यात येते. जुन्या न्यायग्रंथांत सत्तेने द्यायच्या शिक्षाही आहेत. हनफी ग्रंथांत कैद आहे, तर इतर पंथांच्या ग्रंथांत त्याहून कितीतरी कठोर शिक्षा आहेत. त्या ग्रंथांमागचा काळ आणि राज्यव्यवस्था आज आपल्याकडे नाही, आणि ते ठीकच आहे. भीतीने टेकवलेले कपाळ कुणाच्या कामाचे?

शिक्षेचा भाग बाजूला ठेवला तरी देणे उरतेच. चुकलेली नमाज म्हणजे 'कजा'. आपल्या मराठीतला 'कज्जा' आणि न्याय देणारा 'काजी' हे शब्द त्याच अरबी धातूचे. कजा म्हणजे फेडायचे देणे. चारही पंथांचे बहुसंख्य पंडित म्हणतात, की जाणूनबुजून सोडलेली नमाजही भरून द्यावी लागते. अंदलुसियाचे इब्न हज्म यांच्यासारखे थोडे पंडित निराळे बोलतात. वेळ गेली ती गेली, आता पश्चात्ताप करावा आणि ऐच्छिक नमाजा वाढवाव्यात, असे त्यांचे मत. एकीकडे देणे फिटते अशी आशा आहे. दुसरीकडे गेलेली वेळ परत येत नाही, हे सत्य आहे. मला दोन्हींत तथ्य वाटते.

मामूंची वही

कजा म्हणजे काय, हे मी ग्रंथांपेक्षा माझ्या मामूंकडून अधिक शिकलो. मामू मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत तेलवाला होते. चार तास पाळी, आठ तास विसावा, पुन्हा चार तास पाळी. खाली उष्णता, तेलाचे कपडे, कानठळ्या बसवणारा आवाज. त्यांच्याच जहाजावर डेकवर मुसल्ला अंथरून, जहाज वळले की स्वतः वळणारे खलाशीही होते. मामू त्यांच्यातले नव्हते. 'वर आलं की अंग टाकायचं, बस,' असे ते सांगत.

1979 साली 58 व्या वर्षी ते कायमचे घरी आले. पहिल्याच रमजानमध्ये त्यांनी एक लांबट वही आणवली, दुकानदार उधारीसाठी ठेवतात तसली. त्यांच्या अंदाजाने 22 वर्षांच्या नमाजा गेल्या होत्या. 22 वर्षांचे दिवस 8 हजार 30. त्याला पाचाने गुणले की 40 हजार 150. मी मास्तर म्हणून तो गुणाकार त्यांनी माझ्याकडून दोनदा तपासून घेतला. आकडा पाहून मामी हबकल्या. मामू शांत होते. खलाशाला लांबच्या पल्ल्याची सवय असते.

ग्रंथ म्हणतात, विनाकारण सोडलेल्या नमाजा जमेल तितक्या लवकर फेडाव्यात. पेशइमामांनी त्यांच्या वयाकडे पाहून सोपी वाट सांगितली. आजच्या प्रत्येक नमाजबरोबर जुनी एक पढायची. नियत करताना, माझ्याकडे थकलेल्या फजरांपैकी पहिली, असे मनात धरायचे. उद्या जी पढायची तीही तेव्हाची 'पहिलीच' असते. मामू रोज रात्री इशानंतर वहीत पाच रेघा ओढत. तापाने फणफणले तरी रेघा चुकल्या नाहीत. ते कुणाला उपदेश करताना मात्र मी कधी ऐकले नाही. गल्लीतली पोरे नमाजच्या वेळी क्रिकेट खेळत असली, तर त्यांच्यामधून ते गुपचूप निघून जात. 'मी कोण बोलणार? माझीच उधारी अजून थकलीय,' म्हणत.

1996 साली ते गेले. 17 वर्षे झाली होती, 5 राहिली होती. वहीचा हिशेब 9 हजार 125 वर थांबला.

घरात प्रश्न उभा राहिला, की उरलेल्याचे काय? एका नातेवाइकाने हनफी रीत सांगितली. मृत्युपत्रात इच्छा असेल तर वित्र धरून दिवसाच्या सहा नमाजांसाठी, प्रत्येकी सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत फिदया म्हणून द्यावी. पेशइमाम म्हणाले, की शाफी पंथाच्या रूढ मताप्रमाणे नमाजला फिदया नाही आणि एकाची नमाज दुसऱ्याने पढूनही चालत नाही. 'तो वाटेवर होता. वाटेवरच्या माणसाला अल्ला ओळखतो. तुम्ही दुवा करा, ऐपत असेल तर सदका करा.' पुरुषमंडळी बैठकीत यावर बराच वेळ बोलत बसली. मामी आतून आल्या आणि म्हणाल्या, 'त्यांची नमाज मला पढता येत नाही. कुणाची भूक तर भागवता येते.' पुढची पाच वर्षे गावातल्या तीन घरी दर महिन्याला तांदूळ जात राहिला. त्या घरांत एक हिंदू विधवेचे होते. मामींनी 74 वा अध्याय अर्थासह वाचला होता की नाही, मला माहीत नाही. पण नमाज आणि गरिबाचे अन्न यांची जी जोडी तिथे आहे, ती त्यांनी नेमकी पकडली होती.

पढूनही चुकलेली

इथे त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे येतो. नमाजची हेळसांड फक्त न पढणाराच करतो असे नाही. कुराणातला 107 वा अध्याय अगदी छोटा, सात आयतींचा. त्यात धिक्कार आहे तो नमाज पढणाऱ्यांचा. जे नमाजबद्दल बेफिकीर आहेत, लोकांना दिसावे म्हणून पढतात आणि शेजाऱ्याला साधी रोजच्या वापरातली वस्तू द्यायलाही नाकारतात, अशांचा. अध्यायाची सुरुवात अनाथाला हुसकावून लावणाऱ्यापासून होते. बांगेचे शब्द कानी पडताच पहिल्या रांगेत जाऊन उभा राहणारा माणूस या सात आयतींपुढे मान खाली घालतो, निदान त्याने घालायला हवी.

हदीसही या बाबतीत परखड आहे. घाईघाईने उठबशा काढणाऱ्या एकाला पैगंबरसाहेबांनी पुनःपुन्हा परत पाठवले, तुझी नमाज झालीच नाही म्हणून. जो आपल्या नमाजातूनच चोरी करतो त्याला सर्वांत वाईट चोर म्हटले आहे. आणि खरा दिवाळखोर कोण, याचे त्यांनी दिलेले उत्तर तर प्रत्येक घरात सांगावे असे आहे. जो नमाज, रोजे, जकात असे भरभरून घेऊन येईल, पण याला शिवी दिलेली, त्याचा पैसा खाल्लेला, तिसऱ्याला मारलेले. त्याचे पुण्य एकेक करून त्या लोकांना वाटले जाईल आणि तो कफल्लक उरेल. म्हणजे मशिदीत जमा केलेले बाजारात उधळता येते. चुकलेल्या नमाजची कजा आहे. दुखावलेल्या माणसाची कजा नाही. तिथे त्या माणसाच्याच दारात जावे लागते.

दुसऱ्यांना नमाजने दमवणे हीदेखील एक चूक मानली आहे. मुआज नावाचे एक साथीदार इमाम होऊन फार लांब नमाज पढवीत. दिवसभर राबून आलेल्या एकाने तक्रार केली, तेव्हा पैगंबरसाहेब रागावले ते तक्रार करणाऱ्यावर नव्हे, मुआज यांच्यावर. स्वतः पैगंबरसाहेब मागे लहान मूल रडल्याचे ऐकले, की त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आखडती घेत.

घराघरातला प्रश्न

आज हा विषय आमच्या घराघरांत धुमसतो आहे. मुलगा कॉलेजात जातो, नोकरीला लागतो, लोकलमध्ये दीड तास लोंबकळतो, आणि एकेक वक्त गळत जातो. आधी फजर जाते, कारण झोप पुरत नाही. मग असर, कारण ती कचेरीच्या वेळेत येते. शेवटी फक्त शुक्रवार उरतो. बाप 'बेनमाजी' म्हणून सर्वांदेखत टोचून बोलतो, आई रडते, सोयरीक जुळवताना तोच शब्द पुन्हा कुजबुजला जातो. मुलाला सातव्या वर्षी नमाज शिकवावी आणि दहाव्या वर्षी कडकपणा दाखवावा, असे सांगणारे हदीस बापाला पाठ असते. ज्यांच्या नावाने तो ते सांगतो, ते पैगंबरसाहेब नातू पाठीवर चढला म्हणून सजदा लांबवीत, हे मात्र तो विसरतो.

तीस वर्षे पोरांना शिकवल्यावर माझे मत असे, की धाकाने लावलेली नमाज धाक संपला की सुटते. बापाला घरी हसतमुखाने मुसल्ला अंथरताना ज्यांनी पाहिले, ती मुले वाट चुकली तरी बहुधा परत येतात. परत येणाऱ्याला काय काय सोडलेस म्हणून विचारू नये. फजर जमत नसेल तर मगरिबपासून सुरू कर, असे म्हणावे. एक वक्त सांभाळला की शेजारचा वक्त आपोआप सापडतो.

शिक्षकांच्या खोलीतल्या त्या प्रश्नाला आज मी असे उत्तर देईन. नमाज चुकली की देवाचे काही बिघडत नाही, तसे कुराणही म्हणत नाही. बिघडते ते माणसाचे. दिवसातून पाच वेळा थांबून, मी कोण आणि माझा हिशेब कुणाकडे, हे आठवण्याची सवय जाते. ती गेली की दिवस आपल्याला हाकू लागतो. आणि ज्याला स्वतःच्या हिशेबाची आठवण राहिली नाही, त्याला शेजाऱ्याच्या हक्काची तरी कुठून राहणार?

त्या अखेरच्या दिवसाबद्दल हदीसमध्ये दोन 'पहिल्या' गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. बंद्याच्या कर्मांत पहिला हिशेब नमाजचा, आणि माणसामाणसांतल्या न्यायात पहिला निवाडा सांडलेल्या रक्ताचा. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्याने पहिली गोष्ट सांभाळावीच. पण सलाम फिरवताना तो उजवीकडे मान वळवतो, डावीकडे मान वळवतो आणि दोन्ही बाजूंना शांती चिंततो. त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारी असतात. नमाज तिथे संपते आणि दुसऱ्या हिशेबाला सुरुवात होते.